जालन्याच्या जाझमधली माझी क्लॅरिनेट

बँडच्या खोलीत दोन गोष्टी साचतात: धूळ आणि किस्से. धूळ मी झटकते. किस्सेही झटकले तर आमच्या मस्तगडच्या बँडपार्टीकडं शिल्लक काय राहील?

*

आमचे हे क्लॅरिनेट वाजवायचे. मला हात लावू देत नव्हते. "बाई फुंकायला लागली तर वरातीला कोण बोलवील?" मी भिंतीआडून ऐकून शिकले. पुढं यांचे दात पडले, फुंक निघेना. मंग परतूरच्या एका वरातीत मी बँडच्या गाडीत पडद्यामागं बसून वाजवलं, हे पुढं नुसती बोटं हलवत चालले. लोक ओरडले, "वाह, उस्ताद!"

घरी येऊन मलाच म्हणतात, "आज मी लई भारी वाजवलं!"

*

हे गेले. क्लॅरिनेट माझी झाली, पण वराती डीजेच्या झाल्या. अशात पुण्याहून निखिल नावाचा सॅक्सोफोनवाला आला. जालन्याच्या वातावरणावर फ्री जाझचा अल्बम करायचा म्हणे.

आमचे ट्रम्पेटवाले रशीदभाई घाबरले. "फ्री? भाभी, जेवण तरी मिळंल का?"

*

ढोलवाल्या भीमरावांनी विचारलं, "ठेका कोणता?"

"ठेका नाही, काका. मनाला येईल तसं वाजवायचं."

भीमराव माझ्याकडं वळले. "वहिनी, माझ्या मेव्हण्याला आपण उगंच काढला बँडमधून!"

*

मी निखिलला एकच अट घातली. "जन्मभर पडद्यामागं वाजवलं. या अल्बममध्ये माझी क्लॅरिनेट ऐकू आली पाहिजे. बराबर?"

"बिलकुल, आजी!"

रेकॉर्डिंग आमच्याच खोलीत, खिडक्या उघड्या टाकून. वातावरण पाहिजे ना! सळयांचा ट्रक खडखडत गेला, निखिल खूश. भंगारवाल्याचा भोंगा आला, आणखी खूश. मी जीव ओतून वाजवत होते आणि तो भोंगा नेमका दारात थांबला! मी खिडकीतून ओरडले, "मुडद्या, बंद कर ते! मी वाजवून राह्यले!"

*

अल्बम आला. माझा फोन मधे ठेवून आम्ही तिघं ऐकत बसलो. ट्रक आला. भोंगा आला. क्लॅरिनेट काही येईना. भीमरावांच्या फोनवरून मी निखिलला गाठलं.

"आजी, तुम्ही फारच सुरात वाजवलंत हो. ते बसेना. पण शेवटपर्यंत ऐका, तुम्ही आहात!"

ऐकलं. शेवटी सगळी वाद्यं थांबली आणि माझा आवाज आला, "मुडद्या, बंद कर ते! मी वाजवून राह्यले!"

त्याच्यापुढं काही न्हाई. अल्बम संपला.

मंग रशीदभाईंनी त्या फोनकडं बघून मान डोलवली.

"वाह, उस्ताद!"