सिद्धोधन सरांचा जुना सेट

बोरीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या सिद्धोधन सरांच्या घरावर त्यांच्या हौशी बिनतारी रेडिओची लांबच लांब तार होती; त्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलता यायचं. तिच्यामुळं वीज पडते, असं शेजारच्या परमेश्वरनं धरून ठेवलं होतं. सरांनी सरकारी परवाना दाखवला तरी त्याला पटलं नाही, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. सरांच्या बायकोची, सुकेशनीबाईंचीही कुरकुर असायचीच. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या शौकिनाकडून आणलेला तो सेट तापला की स्टेशन आपोआप सरकायचं, आणि सर जेवण सोडून बटण फिरवत बसायचे.

भादव्यात करपरा नदीला पूर आला. वीज गेली, मोबाईल मुके झाले, रस्ते पाण्याखाली गेले. सकाळीच परमेश्वरचा भाऊ महारुद्र चिखलानं माखून सरांच्या दारात आला. परमेश्वर आणि त्याची बायको राजेश्री नदीपलीकडं शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी अडकले होते. गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसले होते.

“सर, तुमच्या मशीनवरून कोनाला सांगता येतंय का? पवून जायाला गेलतो, पन धार लय हाय.”

“ट्रॅक्टरची बॅटरी काढून आण,” सर म्हणाले.

बॅटरी आली, सेट लागला. पण सर बोलायला लागले की सेटचा दिवा मंद व्हायचा आणि आवाज तुटायचा. त्यांनी हाक दिली, थांबले, परत दिली. नुसती खरखर. शेवटी त्यांनी माईक बाजूला ठेवला आणि टकटक करून निरोप धाडायची मोर्सची चावी पुढं ओढली. तिच्या टकटकीला आवाजाइतकी ताकद लागत नाही. गावाचं नाव, पत्र्यावर दोन माणसं, पाणी चढायलंय, बोट पाठवा.

बऱ्याच वेळानं खरखरीतून बारीक टकटक आली. सोलापूरचा कुणी होता. गावाचं नाव परत सांगा म्हणत होता. सर सांगायला गेले आणि स्टेशन सरकलं. टकटक बुडाली. महारुद्र काहीतरी विचारणार, तोच सरांनी हातानंच त्याला गप्प केलं. केसभर इकडं, केसभर तिकडं ते बटण फिरवत राहिले. सापडलं. त्यांनी गावाचं नाव दोनदा दिलं. परभणीच्या कलेक्टर कचेरीत फोन लावतो, थांबा, असं उत्तर आलं आणि दिवा विझला. बॅटरी संपली होती.

फोन लागला की नाही, कळायला मार्ग नव्हता. सगळे नदीवर गेले. पलीकडं पाणी पत्र्याच्या कडेला टेकलं होतं. राजेश्रीनं पदरानं स्वतःला नवऱ्याशी बांधून घेतलं होतं. सरांना तिकडं बघवेना. तरी ते तिथून हलले नाहीत.

दुपार कलताना परभणीहून बोट आली. दोघं उतरले. गोठ्यात बांधलेले दोन्ही बैल मात्र बुडाले.

संध्याकाळी परमेश्वर सरांच्या ओट्यावर येऊन बसला. सेटबद्दल एक शब्द काढला नाही. बैलांचं दावं सोडायला हात पुरला नाही, हेच तो सांगत राहिला. सुकेशनीबाईंनी चहा ठेवला. सर त्याच्या शेजारी बसून ऐकत राहिले.