राजदूतांना न विचारलेला प्रश्न

वेलिंग्टनमधल्या एका सरकारी खात्यात माझं काम असं होतं, की परदेशात इथला राजदूत म्हणून जाणाऱ्या माणसाची आधी चौकशी करायची. खात्यातच मुरलेले अधिकारी जायचे तेव्हा काम सोपं असे, त्यांची सगळी कुंडली कपाटात असायची. अवघड होती ती राजकारणातून आलेली मंडळी. कुणी माजी मंत्री, कुणी पक्षाचा जुना पुढारी. सरकारने नाव आधीच ठरवलेलं असे, आणि फाईल माझ्याकडे यायची ती ‘तेवढं जरा उरकून टाका’ अशा थाटात. उरकायचं म्हणजे त्या माणसासमोर बसून छापील प्रश्नावलीतला एकेक प्रश्न विचारायचा, उत्तराच्या चौकटीत खूण करायची आणि खाली सही ठोकायची.

अशांपैकीच एक गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे होते. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं. काठी टेकत टेकत स्वतः चहा करून आणला. मी मदतीला उठले तर मला बसवलं, आणि माझे आईवडील इथे असतात की भारतात, आईला ही थंडी सोसेल का, अशी आपुलकीने चौकशी केली. दोन तास आम्ही बोललो. सगळे प्रश्न झाले आणि शेवटचा उरला. ज्या देशात जाताय तिथे तुमचा किंवा घरच्यांचा असा काही व्यवहार आहे का, जो बाहेर आला तर सरकारला मान खाली घालावी लागेल?

माझी जीभच रेटेना. आमच्या घरात मोठ्या माणसाला असं तोंडावर विचारत नाहीत. ज्याने माझ्यासाठी लंगडत चहा आणला, त्याला मी विचारू की तुम्ही काही काळंबेरं केलंय का? मी फाईल मिटली, आभार मानले आणि निघाले. ऑफिसात येऊन ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. मनात काही वाईट नव्हतं. उलट मी त्यांचा मान राखला, असं वाटून मी खूश होते. मूर्ख कुठली!

ते गेले, वर्षभर तिकडे राहिले, आणि मग बातमी फुटली. त्याच देशात त्यांच्या मेव्हण्याची कंपनी होती आणि त्यात यांचीही भागीदारी होती. सरकारने त्यांना परत बोलावलं. संसदेच्या समितीने चौकशी सुरू केली, की राजकारणातून येणाऱ्या माणसांना राजदूत करताना नीट तपासतात का, की ओळखीवर सोडून देतात. आमच्या खात्याने लेखी कळवलं, प्रश्न विचारला होता, त्यांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं, सहीचा कागद आहे. आणि ते टीव्हीवर म्हणाले, “मला हे कुणी विचारलंच नाही.”

त्यावर देशभर त्यांची थट्टा झाली. खरं बोलत होते फक्त ते, आणि हे त्यांच्याखेरीज जगात मला एकटीला माहीत होतं.

बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे जॉन्सनव्हिल या उपनगरात आले होते. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, इथे करायला काही नाही, म्हणून सकाळपासून लॅपटॉपवर इथल्या संसदेचं कामकाज बघत बसत. या प्रकरणात त्यांना भलताच रस.

“खोटारडा लेकाचा,” ते पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. “या वयात सरळ सरळ थापा मारतो. तुमच्या ऑफिसातलंच ना गं हे?”

“हो,” मी म्हटलं आणि सिंककडे तोंड करून उभी राहिले.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. “आई, आर यू सिक? यू लुक ऑफुल.”

ऑफुल दिसणारच. रोज पहाटेच जाग यायची आणि तो कागद डोळ्यांसमोर उभा राहायचा. ऑफिसात फोन वाजला की वाटायचं, कळलं यांना. तो कागद मी तीनदा जाऊन पाहून आले, जणू मधल्या काळात खूण आपोआप पुसली जाणार होती. भीती नोकरीची होती. लोकांचा विश्वास हेच ज्या कामाचं भांडवल, तिथे खोटी खूण करणारीला दुसरं कुठलं खातं दारात तरी उभं करेल? आमच्यातल्या कुणाला हे काम पहिल्यांदाच मिळालं होतं. माझ्यानंतर येणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला ‘नको, मागे एकीने घोळ घातला’ असं ऐकावं लागेल, याचीही भीती होती. मी स्वतःला समजावायची की त्यांनी भागीदारी लपवली हे तर खरंच आहे ना, मग आणखी एक दोष त्यांच्या माथी पडला तर काय बिघडलं? संध्याकाळपर्यंत ते पटायचं. सकाळी पुन्हा तोच कागद.

सुनावणीच्या आधी आमच्या प्रमुख बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तू माझ्या मागच्या खुर्चीवर बस. मागितला की कागद पुढे दे. तुला बोलायचं नाहीये. स्वीट ॲज?”

“स्वीट ॲज,” मी म्हटलं. म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे’.

सुनावणीच्या दिवशी बाबा स्टेशनपर्यंत सोडायला आले. वारा असा की बोललेलं अर्धं उडून जावं. मी मान खाली घालून चालता चालता सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं नसतं.

बाबा थांबले. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी फक्त टोपी हाताने दाबून धरली.

“म्हणजे तो माणूस खरं बोलतोय,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि मी त्याला रोज शिव्या घालतोय. तू ऐकत होतीस.”

गाडी आली. बोगद्यात खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला, तो बघवेना.

समितीची खोली मी समजत होते त्यापेक्षा लहान होती, त्यामुळे सगळे फार जवळ वाटत होते. अध्यक्ष माझ्याहून तरुण बाई होत्या. त्यांनी ‘किआ ओरा’ असा माओरी नमस्कार करून सुरुवात केली आणि लगेच मुद्द्यावर आल्या. इतर अधिकाऱ्यांना विचारतात ते सगळे प्रश्न या गृहस्थांना विचारले होते का? आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, “सगळे. आमच्या अधिकाऱ्याने त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून विचारले.” आणि एवढ्यावर थांबायचं, तर पुढे म्हणाल्या, “ती आज इथेच आहे.”

“मग त्यांनाच पुढे येऊ द्या,” अध्यक्ष म्हणाल्या.

खुर्चीपासून टेबलापर्यंत चार पावलं होती. समोर कॅमेरा होता, त्याच्या पलीकडे जॉन्सनव्हिलला बाबा बसले असणार हे मला ठाऊक होतं.

“शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलात?”

‘हो’ तोंडात तयार होता. एक अक्षर. प्रमुख बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला, सहीवर बोट ठेवून.

“नाही,” मी म्हटलं. “विचारला नाही. खूण मी माझ्या मनाने केली.”

“का?”

“ते वयाने मोठे होते. मला लाज वाटली.”

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि वर न बघता विचारलं, “यांच्याआधी राजकारणातून आलेल्या दोघांची चौकशीही तुम्हीच केली होती. त्यांना विचारलं होतं?”

तेव्हा मात्र माझी खरी घाबरगुंडी उडाली. कारण मला आठवेना. कागदावर दोन्ही खुणा होत्या, माझ्याच हातच्या, आणि त्यावर आता माझाच विश्वास उरला नव्हता. तेच मी सांगितलं. प्रमुख बाईंनी आपला हात कागदावरून मागे घेतला.

बाहेर आले तर बाकावर ते गृहस्थ बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. पुढची साक्ष त्यांचीच होती. दाराबाहेरच्या पडद्यावर त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. माफी कशी मागायची ते सुचेना.

“थँक यू,” ते म्हणाले. “घरातसुद्धा कुणी विश्वास ठेवत नव्हतं.”

मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या दिवशी मेव्हण्याच्या कंपनीचे कागद मी काढून ठेवले होते. शेजारच्या खोलीत. तुम्ही विचाराल तेव्हा आणायचे म्हणून. तुम्ही फाईल मिटलीत.”

मोठ्या माणसाला विचारू नये असा तो प्रश्न होता. तरी मी विचारला.

“मग तुम्ही आपणहून का नाही दाखवलेत?”

आतून शिपाई त्यांचं नाव पुकारायला आला, तेव्हा काठीवर भार देऊन उठता उठता म्हणाले, “घाबरलो. तुम्ही गेल्यावर दार लावलं आणि मला इतकं हायसं वाटलं, की मी कागद परत कपाटात ठेवून दिले.”