मोडीत गेलेल्या गाडीचा नंबर

जुन्या गाड्या मोडायचं ते आवार वहिनी चालवायच्या. धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि पुढे वजनकाट्यावरचा म्हाताराही. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी धंदा विकायचं जवळजवळ ठरवलंच होतं. वहिनींनी नवऱ्याचे जाड हातमोजे हातात चढवले आणि विषय तिथेच मिटला.

गाडी आत आली की इंजिनाला हात लावण्याआधी त्या पुढची-मागची नंबरप्लेट उतरवायच्या आणि पत्रा कापायच्या कात्रीने मालकाच्या डोळ्यांदेखत तुकडे करायच्या. मोडलेल्या गाडीची पाटी चोरीच्या गाडीवर चढली, तर पोलीस जुन्या मालकाचंच दार ठोठावतात, हे त्यांना ठाऊक होतं. दिराने एकदा चहा पिता पिता सुचवून पाहिलं होतं, "वहिनी, एक जण अख्ख्या पाट्या मागतोय. भाव बरा देतो."

"आमच्याकडे तुकडेच मिळतात म्हणावं. चालत असतील तर ये."

दीर हसला आणि चहा संपवून कामाला लागला.

एक दिवस सकाळीच बेकरीवाल्या काकू आवारात आल्या. बेकरीवाले काका वारल्यावर त्यांची पाव पोहोचवायची गाडी इथेच मोडली होती, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. वहिनींनी खुर्ची पुढे केली, पण काकू बसल्या नाहीत.

"तुमच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला होता," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या गाडीचा नंबर आज बाजारात फिरतोय. पांढऱ्या टेम्पोवर. अक्षरंही तीच, आकडेही तेच."

"काकू, पाटी तुमच्यासमोर कापली होती."

"पुढची कापलीत. मागची?"

वहिनींना तो दिवस आठवला. पहिली पाटी कापताना काकूंना घेरी आली होती. त्यांना आत नेऊन पाणी दिलं होतं, आणि मागची पाटी कापायचं काम दिरावर सोपवलं होतं.

दीर एका ट्रकखाली आडवा पडून नट सोडवत होता. वहिनी वाकल्या. "भाऊजी, बेकरीच्या गाडीची मागची पाटी तुम्ही कापलीत ना?"

"कापली असणार."

"असणार?"

तो सरपटत बाहेर आला. कान लाल झाले होते. "कापली, वहिनी. एवढ्या वर्षांपूर्वीचं कसं सांगू? पण विकली नाही, हे नक्की."

अख्ख्या पाट्या मागणारा तो माणूस मात्र वहिनींच्या डोक्यातून जाईना. तरी नुसतं बसून कुढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी हातमोजे काढले. "चला काकू, टेम्पो शोधू. भाऊजी, तुम्हीही या. जे असेल ते तुमच्यासमोर होऊ दे."

टेम्पो बाजाराच्या मागच्या बाजूला सापडला. एक दाढीवाला माणूस त्यातून फुलझाडांची रोपं उतरवत होता. वहिनी सरळ मागच्या पाटीपाशी उकिडव्या बसल्या आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही आपली पाटी नाही. पत्रा नवा आहे."

"मग नंबर तोच कसा?" काकूंनी विचारलं.

रोपवाला गोंधळला. "मी गाडी कोरी घेतली हो. नंबर ऑफिसातून मिळाला. खोटं वाटत असेल तर बसा, तिथेच जाऊ."

काकू पुढे बसल्या, वहिनी आणि दीर मागे रोपांच्या मधे.

गाड्यांची नोंदणी होते त्या ऑफिसात खिडकीमागे एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी नंबर संगणकावर घातला आणि मान डोलावली. "दोन्ही नोंदी बरोबर आहेत. तुमची गाडी मोडली, तेव्हा आम्ही तिची नोंद रद्द केली. नंबर रिकामा झाला. जुने दंड, तक्रारी निवळेपर्यंत तो काही वर्षं तसाच पडू देतो. मग नव्या गाडीला देतो."

"म्हणजे एकच नंबर दोघांना?" वहिनींनी विचारलं.

"एकामागून एक. एकाच वेळी कधीच नाही. रस्त्यावर एका नंबरच्या दोन गाड्या दिसल्या, तर त्यातली एक खोटी समजायची. आणि हे इथलं झालं. माझा भाऊ राहतो तिकडे एकदा गेलेला नंबर परत कुणालाच देत नाहीत."

काकू रोपवाल्याकडे वळल्या. "गाडी धुतोस का रोज?"

"आठवड्यातून एकदा."

"आमचे हे रोज धुवायचे," काकू म्हणाल्या. मग त्यांनी वहिनींचा हात धरला. "मी सकाळी नको ते बोलले."

"तुम्ही विचारायला आलात, हेच बरं केलंत. गावभर बोलत फिरला असतात तर माझी पंचाईत झाली असती."

परतीच्या वाटेवर दोघंच राहिल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट आलं होतं. चुकलं माझं."

"त्या माणसाचा विषय मीच तर काढला होता. तुमच्या जागी मीही माझ्यावर संशय घेतला असता," दीर म्हणाला.

वहिनींना हसू फुटलं. "यापुढे मात्र दोन्ही पाट्या मीच कापणार."

"आणि मालकाला घेरी आली तर?"

"तर पाणी तुम्ही द्यायचं."

आवारात पोहोचल्यावर दीर पुन्हा ट्रकखाली शिरला, आणि वहिनी त्याला पाना द्यायला बाजूला बसल्या.