वहीतला ‘प’

आपण झोपत नाही, नुसतं आडवं झालोय, असं वृषाली चौगुलेनं स्वतःलाच बजावलं आहे. दुपारचा दीड वाजलाय. सांगलीतल्या एका जुन्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये तिची समकालीन नृत्याची कार्यशाळा चालू आहे, आणि आज पाचवा, शेवटचा दिवस. अठरा जणं डबे खायला बाहेर कडुनिंबाखाली गेलीत. पाच वाजता त्यांच्या घरची माणसं नाच बघायला येणार. वृषालीनं दुखऱ्या गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी सरकवलीय, वर पंखा कुरकुरतोय, आणि डोक्यात सानिकाचा प्रश्न घोळतोय. सानिका नर्स आहे, रात्रपाळ्या सांभाळून नाचायला येते. सकाळी तिनं विचारलं होतं, “ताई, एवढं सगळं करून शेवटी पडायचंच का?”

पडायचं, कारण वहीत तसं लिहिलंय. निदान गेली सहा वर्षं वृषाली गावोगावी हेच सांगत आलीय.

वही हेमलताताई शिरगुप्पेंची. मिरजेच्या या बाईंनी वृषालीला चौदाव्या वर्षापासून शिकवलं, रागावल्या, लाडही केले. नाच बसवताना त्यांची बुद्धी विजेसारखी चालायची, पण पूर्ण शब्द लिहिणं जिवावर यायचं. ‘ऊठ’ला ‘ऊ’, ‘वळ’ला ‘व’. हाच नाच, त्यांचा शेवटचा, बसवत होत्या तेव्हा त्यांचा फोन आला, “शेवटचे आठ काउंट द्यायचे राहिलेत गं. रविवारी ये.” रविवारी वृषालीची नागपूरला कार्यशाळा होती. “पुढच्या रविवारी नक्की,” ती म्हणाली. गुरुवारी ताई गेल्या. वहीत शेवटच्या ओळीला एकच अक्षर होतं, ‘प’. वृषालीनं ते ‘पड’ असं वाचलं. त्या आठवड्यात तिला दुसरं काही सुचणं शक्यही नव्हतं.

पंखा आठपर्यंत कुरकुरतो आणि पुन्हा एकपासून लागतो. एक, दोन, तीन. कुठल्यातरी फेरीत चिकटपट्टी ओढल्याचा चर्रकन आवाज येतो.

“काय गं, भर दुपारी पसरलीस ती?”

हेमलताताई ओढणी कमरेला बांधून उकिडव्या बसल्यात. शेवटची चार वर्षं त्यांना खुर्चीतून उठायला हात लागायचा, आणि आता बघा, खुशाल बसल्यात. फरशीवर पांढऱ्या पट्टीच्या फुल्या मारतायत, प्रत्येकाच्या उभं राहायच्या जागेची खूण म्हणून मारतात तशा. पट्टी दातानं तोडतायत.

“कात्री घ्या की, ताई.”

“कात्री शोधस्तवर माझा नाच बसून होतो.”

 हे वाक्य वृषालीनं किती वर्षांत ऐकलेलं नाही. “ताई, ते शेवटचे आठ काउंट…”

“आल्या आल्या कामाचंच. चहा तरी टाक.”

दोघी आता ताईंच्या मिरजेच्या स्वयंपाकघरात आहेत. ओट्यापर्यंत फुल्याच फुल्या आहेत. चहा उकळतोय, पण त्याचा आवाज घुंगरांसारखा येतोय, आणि ताईंना तर घुंगरांचा भारी कंटाळा. वृषालीला त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवायचंय. ती एक पाऊल पुढे टाकते की ताई एक पाऊल मागे. जोडीनं बसवल्यासारखं.

“मी त्या रविवारी आले नाही, ताई.”

“माहितीय की. पोहे भिजवून ठेवले होते तुझ्यासाठी.”

“मग?”

“मग काय? दोघींचे मीच खाल्ले.”

ताई हसतात. वृषालीला हसू येत नाही. त्या पोह्यांसाठी आज तिनं काहीही दिलं असतं. ती कप घ्यायला हात पुढे करते, तर हातात एसटीचं तिकीट आहे.

बसस्थानक भरलंय. प्रवासी पिशव्या घेऊन आपापल्या फुलीवर उभे आहेत, कुणी ढकलाढकली करत नाही. वर कर्णा सांगतोय, फलाट क्रमांक पाच, सहा, सात. आठ काही येत नाही. आता ताईंना शेवट दाखवायलाच हवा म्हणून वृषाली पडते, जशी सहा वर्षं शिकवत आलीय तशी, खांदा, कंबर, गुडघा. गुडघा दुखत नाही.

“हे काय? का पडलीस?”

“वहीत ‘प’ आहे ना, ताई.”

ताईंना हसता हसता खोकला लागतो. “अगं येडे, पडायला मी ‘खा’ लिहिते. खाली! विसरलीस व्हय? पहिल्याच महिन्यात भर वर्गात विचारलं होतंस, ताई, इथं काय खायचं?”

खरंच की. सगळा वर्ग पोट धरून हसला होता. त्यानंतर बावीस वर्षं तिनं ही वही वाचली, आणि नेमकं शेवटच्या ओळीला विसरली.

“मग ‘प’ म्हणजे?”

“परत. जिथनं निघालीस तिथं परत. आपापल्या खुणेवर.”

वृषाली जमिनीवरून त्यांच्याकडे बघते. विचारू नये असं वाटत असतानाच विचारते, “तुम्ही येणार परत?”

ताई गुंडाळीवरून पट्टी ओढतात, दातात धरतात. “माझी खूण कुठं ठेवलीयस तू? लाव आधी. मग बघू.”

कर्णा म्हणतो, आठ.

“ताई? अडीच वाजले. सगळे आलेत.” दारात सानिका उभी आहे.

वृषाली उठते. गुडघा पुन्हा दुखायला लागलाय. पाऊल टाकताना टाचेला काहीतरी चिकटलेलं जाणवतं म्हणून ती वाकून बघते. पांढऱ्या पट्टीची फुली. सोडवून ती हातावर घेते. सकाळी तिनं सगळ्या पट्ट्या कात्रीनं कापल्या होत्या, टोकं सरळसोट. या पट्ट्यांची टोकं वेडीवाकडी आहेत, चावून तोडलेली.

ती फरशीवरच्या फुल्या मोजते. अठराच्या अठरा जागेवर आहेत.

वृषाली पुढच्या रांगेत, मधोमध, गुडघा सांभाळत खाली बसते आणि ती फुली तळहातानं दाबून दाबून चिकटवते. मग उठून सगळ्यांकडे वळते.

“शेवट चुकीचा शिकवला होता मी. पडायचं नाही. आठ काउंटमध्ये आपापल्या खुणेवर परत यायचं.”

सगळे आपापल्या जागी जातात. सानिका पुढची मोकळी फुली बघून थबकते. “ताई, ही कुणाची?”

“आहे एकीची,” वृषाली म्हणते. “फुलीवर पाय देऊ नका. यायच्यात अजून त्या.”