कुठून आणलंस

"मौसी, आपका नंबर बंद है."

वॉचमन असं म्हणाला आणि त्याने मोबाइलमध्ये तोंड घातलं. मी काम करते त्या सोसायटीत कामवाल्या बायकांना गेटवरच्या मशीनमध्ये आपला नंबर टाकावा लागतो. मी पुन्हा टाकला. मशीन लाल झालं. मागे बायकांची रांग होती, सगळ्यांना उशीर होत होता.

तेवढ्यात वहिनी खाली आल्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करायचे आणि त्यांच्या नातवाला अंघोळ घालायचे. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. माझ्यापासून लांबच थांबून त्यांनी ती खाली ठेवली आणि चपलेने माझ्याकडे सरकवली. आत माझा कप, ताटली, कामाचा गाऊन आणि फणी.

"वर यायचं नाही. हे घे तुझं."

"काय झालं वहिनी?"

"तुझ्या रक्तात कावीळ निघालीय, हिपॅटायटिस बी. त्याच हातांनी माझ्या नातवाला न्हाऊ घालत होतीस."

सून बाळंत झाली म्हणून वहिनींनी माझं रक्त तपासून घेतलं होतं. लॅबवाल्याने निकाल त्यांच्याच मोबाइलवर पाठवला. माझ्या रक्तात काय आहे ते त्यांना आधी कळलं, वॉचमनला कळलं, मग मला.

"माझं तर काहीच दुखत नाही," मी म्हणाले.

"नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तुझा. मग कुठून आणलंस हे? सांग ना. कुठून आणलंस?"

रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. माझ्याबरोबर रोज चहा पिणारी एकजण वहिनींना विचारत होती, "दीदी, छूने से होता है क्या?" मला नाही विचारलं तिने.

मला बोलता येत नाही. चार माणसं बघायला लागली की माझी जीभ जड होते. लहानपणापासूनच तशी आहे. मी वाकले. पिशवी उचलली. नवघरला माझ्या खोलीवर चालत आले. कप तर त्यांच्याकडे आधीपासूनच वेगळा होता, ओट्याखाली ठेवलेला. पण बाळाला रोज माझ्या पायांवर निजवून त्याच्या अंगाला तेल लावत होते, तेव्हा माझे हात चालत होते.

घरी आल्यावर कामाचा विचार आला नाही, मुलीचा आला. ती वरसाव्याला सासरी असते. दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझी एकच खोली, म्हणून विहीणबाईंनी तिला ठेवून घेतलं होतं. माझ्या रक्तात आहे ते तिच्यात असलं तर? पोटातल्या बाळात असलं तर?

कावीळ म्हटल्यावर आमच्याकडे जे करतात ते मी केलं. शेजारच्या काकूंकडून चुना आणला, पाण्यात कालवला, हात धुतले. पाणी पिवळं झालं. काकू म्हणाल्या, "बघ, उतरली." मला हसायलाही आलं नाही. गावाला माझ्या आईचे हात रोज असेच धुवायचे. रोज पाणी पिवळं व्हायचं. सगळे म्हणायचे, उतरली, उतरली. आणि आईचं पोट फुगत गेलं, डोळे हळदीसारखे झाले, ती गेली. तेव्हा लोक म्हणाले, कुणीतरी खाण्यातून काहीतरी घातलं. आईवरच संशय. कुणाच्या घरी जेवली होती, कशाला गेली होती.

मग मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर मुलीच्याच वयाची. मी म्हटलं, "माझे डोळे बघा, पिवळे नाहीत." ती म्हणाली, "वर्षानुवर्षं काही दिसत नाही, मावशी." मग तिने बसवून सांगितलं. कुणी मला असं बसवून सांगितलेलं मला आठवत नाही.

ही कावीळ एका विषाणूने होते. तो एकटा काहीच करू शकत नाही. त्याला स्वतःची नक्कलसुद्धा काढता येत नाही. तो यकृताच्या पेशीत शिरतो. पेशीच्या आत गाभा असतो, तिथे जाऊन आपला मूळ नमुना ठेवून देतो. मग ती पेशी स्वतःचं काम करता करता त्याच्याही नकला काढत राहते.

"म्हणजे घर आमचं, राबायचं आम्ही आणि पोरं त्याची?"

डॉक्टर हसली. "अगदी तसंच. गोळ्यांनी त्या नकला थांबवता येतात. मूळ नमुना सहसा जात नाही."

"मग यकृत तो खातो का?"

"तो नाही. आपल्याच रक्तातले शिपाई त्याला शोधत येतात. तो पेशीच्या आत लपलेला, म्हणून ते पेशीच मारतात. असं वर्षानुवर्षं चाललं की यकृत कडक होतं, पोटात पाणी होतं. आई कशाने गेली तुमची?"

मी सांगितलं. तिने ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, नक्की सांगता येणार नाही, पण बहुतेक तुम्हाला जन्मतानाच मिळालाय. तान्ह्या बाळाचं शरीर त्याला परका म्हणून ओळखत नाही, त्याच्याशी भांडत नाही, म्हणून तो राहून जातो. ताटवाटीने, स्वयंपाकाने, हात लावल्याने पसरत नाही. रक्तातून जातो, नवराबायकोच्या संबंधातून जातो, आणि आईकडून बाळाला. वहिनींच्या नातवाचं विचारलं तर म्हणाली, जन्मलेल्या प्रत्येक बाळाला याची लस देतात, त्यालाही दिली असणार.

"मुलीला घेऊन या. तिच्यात असेल तर तिलाही औषध आहे. बाळाला मात्र जन्मल्या दिवशीच लस आणि अजून एक इंजेक्शन लागेल. उशीर नको."

तिथूनच मुलीला फोन लावला. घाबरत घाबरत सांगितलं. तिकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला माहितीय आई. दिवस राहिल्यावर पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हाच कळलं. मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. मी परत गेलेच नाही. आता बाळंतपणासाठी इथे जवळच्या दवाखान्यात नाव घातलंय, तिथे काही बोलले नाही."

"अगं, मला तरी सांगायचंस."

"सासूबाई विचारतील, कुठून आणलंस. मग मी काय सांगू? तुझं नाव सांगू?"

माझी मुलगी बोलकी आहे, भांडते, भाजीवाल्याला ऐकवते. या एका गोष्टीत ती माझ्यासारखी मुकी झाली होती. आणि त्या मुकेपणात तिचं बाळ जन्माला येणार होतं.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. आवाज गोड. "अगं, आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, तसं काही होत नाही म्हणून. उद्यापासून ये. फक्त बाळाला हात लावू नकोस. आणि खाली कुणाला काही बोलत बसू नकोस हं."

माझी जीभ नेहमीसारखी जड झाली. तरी बोलले. "वहिनी, तुम्ही गेटवर या. ज्यांच्यासमोर मला विचारलंत, त्यांच्यासमोर हे सांगा. मग येते."

"डोकं फिरलंय का तुझं? तुला कोण कामावर ठेवणार आहे आता?"

फोन कट झाला. त्या म्हणाल्या ते खरंच आहे. त्या सोसायटीतलं एकही घर मला ठेवत नाही. गेटवर माझा नंबर अजून बंद आहे.

उद्या मी वरसाव्याला जाणार आहे. मुलगी नको म्हणतेय, रडतेय. विहीणबाई ओरडतील, जावई तोंड फिरवेल. कदाचित मुलीला माझ्याबरोबर घराबाहेर काढतील. मला भीती वाटतेय. पण मी त्यांच्या घरात उभी राहून सांगणार आहे, ही कावीळ माझ्या आईकडून मला आली आणि माझ्याकडून माझ्या मुलीला. यात कुणी शेण खाल्लेलं नाही. मुलीला घेऊन मी त्याच डॉक्टरकडे जाणार. बाळंतपण तिथेच होईल. बाळाच्या मांडीत दोन्ही सुया जाईपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही, कुणी काहीही विचारलं तरी.