बावीसवरची मालिका

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीचे रिमोट दोन. सेट-टॉप बॉक्सचा आमच्या ह्यांच्या हातात, चॅनल बदलायला. टीव्हीचा माझ्याकडे, आवाजासाठी. संसार म्हटला की कामं वाटून घेतलेलीच बरी.

पण आवाजाचं काही कळेनाच हो. बातम्या लावल्या की अंगावर येतात, मालिकेतल्या बायका कुजबुजतात, मध्येच जाहिरात लागली की हातातला चहा हिंदकळतो. शेवटी मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून काढलं. बातम्या चौदा, मालिका बावीस, कीर्तन सव्वीस. कागद भिंतीला चिकटवला. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी मालिका बावीसवरच होती, तर खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली, "काकू, पोराची परीक्षा आहे हो!" मी अठरा लिहिलं. दुसऱ्या दिवशी अठरावर काही ऐकूच येईना. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

सून म्हणाली, "आई, टीव्ही तोच, आकडा तोच. एकदा कान दाखवून घेऊया का?"

माझी आई म्हातारपणी बहिरी झाली होती. सगळे हसले की तीही हसायची, जरा उशिरा. मला तसं उशिरा हसायचं नव्हतं.

ठाण्याला, नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. कानाला यंत्र लावून त्यांनी नीट तपासलं. म्हणाले, "आजी, कान उत्तम आहेत."

मग चुकतंय कोण? घरी आल्यावर मालिका लावली, मोजून बावीसवर. आवाज आपोआप वाढत चालला, आकडा मात्र बावीसच! सहज ह्यांच्याकडे पाहिलं, तर ह्यांचा अंगठा चालू.

"अहो, काय दाबताय?"

"आवाज वाढवतोय."

"तो रिमोट चॅनलचा ना?"

"अगं, ह्यालाही आवाजाचं बटण आहे. ऐकू नाही आलं की वाढवतो, फोन आला की कमी करतो."

"मग बोलायचं नाही का? मी डॉक्टर गाठला!"

ह्यांनी रिमोट खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, खरंच तुझेही कान गेलेत. मग दोघांची कानाची यंत्रं एकदमच घेतली असती."

डॉक्टरांचा कागद अजून माझ्या पर्समध्येच होता. माझे कान चांगले निघाले, याचा आनंद कुणाला सांगावा, तेच मला कळेना.