उरलेल्या कॅप्सूल

पौडला आमच्या शेजारी बांगड्या विकणाऱ्या चाची राहायच्या. कुणाची औषधं उरली की त्या मागून घेत आणि गल्लीत कुणाला ताप आला की नेऊन देत. पुढे त्यांच्या नवऱ्याला टायफॉइड झाला. ताप उतरताच चाचींनी राहिलेल्या कॅप्सूल दुसऱ्या कुणाला होतील म्हणून जपून ठेवल्या. ताप उलटला, आतडं फुटलं आणि चाचा पुण्याच्या दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

वर्षभरानं मला टायफॉइड झाला. चाची रोज औषधाच्या वेळेला यायच्या आणि मी कॅप्सूल गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. ताप गेल्यावर मी म्हणालो, "चाची, आता बरा आहे मी."

"त्येबी असंच म्हनले व्हते," चाची म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला.